आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली का?

आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, तेव्हा सायलेन्सरवर काय बोलणार, असं वाटेल. पण उंद्रीतली पोरं आम्हाला ठामपणे सांगतात, "सर, कंपनीचा सायलेन्सर गाडीला दाबून ठेवतो. बाहेरचा लावला की गाडी मोकळी होते." जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांमध्येही हाच वाद चालतो. आपण उदाहरण घेऊ यामाहा आरएक्स 100 चं : 1985 साली भारतात आलेली, 98 सीसीची टू-स्ट्रोक गाडी.

न्यायदर्शन म्हणतं, डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान टिकतं, कारण अग्नीवाचून धूर सापडत नाही. याला व्याप्ती म्हणतात. आता 'आवाज वाढला, म्हणून ताकद वाढली' हे बघा. सायलेन्सर गंजून फुटला तरी आवाज वाढतोच की! ताकद वाढते का? नाही. जो हेतू असा साध्याला सोडून भटकतो, त्याला नैयायिक सव्यभिचार म्हणतात. उलट, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. तशी ताकद शांतही असू शकते.

मग पाइपाचं काम काय? या इंजिनात जळका वायू सिलिंडरच्या भिंतीतल्या पोर्टातून बाहेर पडतो आणि त्याच्यामागे थोडं ताजं मिश्रणही निसटतं. पाइप मध्ये फुगलेला आणि पुढे निमुळता असतो. त्या निमुळत्या भागावरून दाबाची लाट परत फिरते नि निसटलेलं मिश्रण आत ढकलते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात रेसिंग गाड्यांसाठी हे तंत्र पुढे नेलं.

पण लाट वेळेवर पोचायला हवी. ती वेळ पाइपाची लांबी आणि इंजिनाच्या फेऱ्या यांवर ठरते. म्हणून रेसिंगचा पाइप वरच्या फेऱ्यांत जोर देतो, पण खालच्या फेऱ्यांत गाडी ओढत नाही. कंपनीचा पाइप रोजच्या वापरासाठी केलेली तडजोड असते. आणि पाइप बदलून कार्ब्युरेटरचा जेट तोच ठेवला, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडून पिस्टन जास्त तापू शकतो.

तेव्हा पैसे टाकण्याआधी परीक्षा घ्या. एकच मोकळा रस्ता, एकच चालवणारा, एकच दिवस. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 30 वरून 50 ला जायला किती सेकंद लागतात, ते दोन्ही पाइपांवर पाच-पाच वेळा मोजा. कानाला विचारू नका, घड्याळाला विचारा.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 गाडीत मनमानी बदल करू देत नाही. निवासी भागात रात्रीची ध्वनिमर्यादा 45 डेसिबल आहे, आणि 10 डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. घड्याळाने फरक दाखवला नाही, तर हाती उरला तो नुसता आवाज. त्यासाठी शेजारच्या म्हाताऱ्याची झोप का मोडायची, याचं उत्तर मात्र घड्याळ देणार नाही. ते आपल्यालाच द्यावं लागेल.