षटकोनाची सत्त्वपरीक्षा

हिग्ज बोसॉन सापडल्याची घोषणा ४ जुलै २०१२ रोजी झाली, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी बातमीच्या शेवटी ‘भारताचाही सहभाग’ एवढे एक वाक्य जोडले. तो सहभाग म्हणजे नेमके काय, हे फारसे कुणी लिहीत नाही. सध्या तो मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, तळहाताहून थोड्या मोठ्या षटकोनी तुकड्यांच्या रूपात आकार घेतो आहे.

आधी जुन्या यंत्राबद्दल. जिनिव्हाजवळ, फ्रान्समधल्या सेसी गावाच्या खाली सुमारे शंभर मीटरवर सीएमएस हे १४,००० टनांचे यंत्र आहे. सर्न या संशोधन संस्थेच्या कोलायडरमध्ये प्रोटॉन एकमेकांवर आदळवले जातात आणि त्या टकरींतून उडणारे कण ते टिपते. हिग्जच्या शोधात ज्या फोटॉनांच्या जोड्या निर्णायक ठरल्या, त्या इथे शिसे-टंगस्टेटच्या स्फटिकांनी टिपल्या. असे ७५,८४८ स्फटिक त्यात बसवले होते. वजनात बहुतांश धातूच, तरी आरपार दिसणारे. किरणोत्साराचा मारा खाऊन मात्र ते हळूहळू काळवंडतात. यंत्राच्या दोन्ही टोकांना हा त्रास सर्वांत जास्त, कारण टकरीतून उधळलेल्या कणांचा लोंढा झोताच्या दिशेनेच दाट असतो. त्या टोकांच्या मागच्या भागात पितळ आहे, आणि ते रशियन आरमाराच्या दुसऱ्या महायुद्धातल्या दहा लाखांहून अधिक तोफगोळ्यांची कवचे वितळवून मिळवले होते. दारूगोळ्याचा इतका चांगला उपयोग मला दुसरा माहीत नाही.

आता ही दोन्ही टोके उतरवायची आहेत. प्रोटॉनांचे झुबके समोरासमोर आले की सध्या एका वेळी पन्नास-साठ टकरी होतात; कोलायडरची तीव्रता वाढवल्यावर त्या १४० ते २०० होतील. इतक्या गर्दीत कुठला कण कुठल्या टकरीतला हे सोडवायचे, तर बारीक कप्पे हवेत आणि वेळेचे मोजमाप सेकंदाच्या अब्जांशाच्याही कितीतरी खाली जायला हवे. म्हणून येतो आहे ‘हाय ग्रॅन्युलॅरिटी कॅलोरीमीटर’, म्हणजे बारीक कप्प्यांचा ऊर्जामापक. त्यात ४७ थर, सुमारे ६२० चौरस मीटर सिलिकॉन आणि साठेक लाख कप्पे असतील. ज्या भागात किरणोत्सार तुलनेने सौम्य, तिथे सिलिकॉनऐवजी स्वस्त प्लॅस्टिक सिंटिलेटर, म्हणजे कण गेला की चमकणारे प्लॅस्टिक, चालते.

सिलिकॉनची चकती आठ इंची, गोल. त्यातून चौकोनाऐवजी षटकोन कापला की माल कमी वाया जातो आणि असे षटकोन मध्ये फट न ठेवता शेजारी-शेजारी बसतात. अशा चकत्यांची मॉड्यूले जोडण्याची केंद्रे अमेरिकेत तीन, शिवाय बीजिंग, तैपेई आणि मुंबई.

मॉड्यूल चार थरांचे असते. तळाला पाया, त्यावर सोन्याचा मुलामा दिलेला कॅप्टॉन या प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, त्यावर सिलिकॉन, आणि सगळ्यात वर इलेक्ट्रॉनिक्सचा बोर्ड. टकरीच्या बाजूच्या, पुढच्या भागात पाया तांबे-टंगस्टनचा असतो. थंडीत तो बराचसा सिलिकॉनच्या बेताने आकसतो, म्हणून चकतीला तडा जाण्याची भीती कमी. शिवाय जड असल्याने कणांना अडवण्याचे कामही करतो. यांत्रिक हात चकती हवेच्या ओढीने उचलतो, कॅमेऱ्याने खुणा जुळवतो आणि मायक्रॉनांत मोजण्याच्या अचूकतेने ती इपॉक्सी या चिकटद्रव्यावर टेकवतो. मग बोर्डातल्या भोकांमधून केसाच्या तिसऱ्या हिश्शाइतक्या जाडीच्या ॲल्युमिनियमच्या तारा सिलिकॉनपर्यंत जोडल्या जातात.

इथवरचे काम यंत्र करते. खरा कस लागतो तो पुढे. नमुन्याच्या तारा तुटेपर्यंत ओढून किती जोर लागला ते मोजतात. शेकडो व्होल्टचा दाब देऊन विद्युतधारा किती गळते ते पाहतात. आलेख एकदम उसळला, तर चकतीवर कुठेतरी ओरखडा किंवा डाग आहे असे समजायचे. ही चाचणी कोरड्या हवेत करावी लागते. कुलाब्याची खारी, दमट हवा आत शिरली तर मोजमापावर भरवसा राहत नाही. मग कुठलाही कण नसताना कप्पा किती कुरकुरतो, म्हणजे त्याचा गोंगाट किती, हे कप्प्याकप्प्याने नोंदवतात. एका चकतीवर कप्पे १९० च्या आसपास, बारीक प्रकारात ४३० च्या वर. शेवटी थंड-गरमच्या फेऱ्या, आणि पुन्हा पहिल्यापासून तीच मोजमापे.

थंडीचे कारण ऐकण्यासारखे आहे. मारा सर्वांत जास्त असेल तिथे दर चौरस सेंटिमीटरला एकावर सोळा शून्ये इतक्या न्यूट्रॉनांच्या तोडीचे नुकसान होणार आहे. त्याने सिलिकॉनच्या जाळीत दोष पडतात आणि गळती वाढते. गळतीने चकती तापते, तापल्याने गळती आणखी वाढते. तापमान सातेक अंशांनी उतरवले की गळती साधारण निम्म्यावर येते. म्हणून द्रवरूप कार्बन डायऑक्साइड खेळवून हे सगळे सुमारे उणे ३० अंशांवर ठेवायचे आहे.

कल्पना चालते का, हे आधी तपासून झाले आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्नच्या झोतात ९४ प्राथमिक मॉड्यूले उभी करून २० ते ३०० जीईव्ही ऊर्जेचे पॉझिट्रॉन त्यांच्यावर सोडले गेले.

भाग बदलण्याच्या कामाचा अनुभव सीएमएसला पूर्वीही आला आहे. या यंत्राचा बाहेरचा हॅड्रॉन कॅलोरीमीटर टाटा संस्थेच्या पुढाकाराने झाला. त्यातले प्रकाश टिपणारे जुने संवेदक चुंबकीय क्षेत्रात त्रास देऊ लागले, आणि कोलायडरच्या २०१३-१४ च्या बंदकाळात त्यांच्या जागी सिलिकॉनचे नवे बसवावे लागले. तिथे निदान हात पोचत होता. नव्या टोकांत मॉड्यूले धातूच्या पत्र्यांमध्ये, थंड पेटीत बंद होणार; एखादे बिघडले म्हणून तेवढेच उपसता येणार नाही. म्हणूनच मला बांधणीपेक्षा तपासणीचे काम मोठे वाटते. एक मॉड्यूल मुंबईत बाद झाले तर नुकसान एका मॉड्यूलचे. जमिनीखाली गेल्यावर मेले तर तेवढी जागा अनेक वर्षे आंधळी.

या कामाला केवळ सिद्धांत जाणणारे पुरत नाहीत. इलेक्ट्रॉनिक्स, शीतकरण, सूक्ष्म मोजमाप आणि वायर बाँडिंग येणारी माणसे लागतात, आणि नोंदी न कंटाळता ठेवणारीही. तुमच्या घरात अभियांत्रिकीचे किंवा पदविकेचे शिक्षण घेणारे कुणी असेल, आणि मूलभूत संशोधन आपल्यासाठी नाही असे त्याला किंवा तिला वाटत असेल, तर कुलाब्यातल्या या कामाबद्दल जरूर सांगा.