पावणेदोन किलो मसूर

भाची बीएड करतेय, सोबत सीटीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेची तयारी. ताईच्या घरी दिवसभर मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या बालविकासाच्या चार अवस्थांचा घोष चाललेला: जन्म ते दोन, दोन ते सात, सात ते अकरा, अकराच्या पुढे. "मावशी, बालविकासावर 30 मार्क आहेत," हे तिनं मला आल्या दिवशीच सांगितलं होतं. दीडशेतले तीस म्हटल्यावर पाठांतराला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. पण ज्या पोरांवर हे सगळं लिहिलंय, त्यांतलं एकही पोर तिच्या गाइडात जिवंत दिसेना. म्हणून तिला घेऊन लष्करच्या दाल बाजारात गेले. ताईचं वर्षाचं धान्य जिथून येतं त्या दुकानातली नातवंडं शाळा सुटली की तिथेच असतात, हे मला ठाऊक होतं.

ग्वाल्हेरचं लष्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या छावणीचं झालेलं शहर. मराठी घरं अजून आहेत, पण बाजाराची भाषा हिंदीच. गल्लीत शिरलं की तागाची पोती, हळद आणि डाळीची टरफलं यांचा मिळून एक कोरडा वास घशाशी येतो आणि संध्याकाळपर्यंत जात नाही. पल्लेदार पाठीवर पोतं घेऊन "हटो, हटो" करत जातात. पोत्यात परखी, म्हणजे लोखंडाची पोकळ नळी, खुपसायची, मूठभर दाणे काढायचे, तळहातावर पसरून बघायचे. भाव मग ठरतो.

भाचीनं आधी मालकांच्या पाच वर्षांच्या नातीला धरलं. दोन सारख्या वाट्यांत सारखी तूरडाळ घेतली, एक वाटी उंच पेल्यात ओतली. कुठे जास्त? पोरीनं पेला दाखवला. मग चणाडाळीचा मोठा ढीग आणि मसूरडाळीचे चार दाणे. चणाडाळ जास्त की डाळ जास्त? "चना." भाचीचा चेहरा खुलला. पियाजेनं जिनिव्हात लाकडी मणी घेऊन विचारलं होतं तेच हे, आणि उत्तरही तेच आलं होतं.

पुढचा खेळ मात्र फसला. राजम्याच्या सहा-सहा दाण्यांच्या दोन रांगा केल्या, त्यातली एक भाचीनं लांबवली. "ही जास्त," पोर म्हणाली. पुन्हा सारख्या लावल्या, तेवढ्यात एका पल्लेदाराच्या पोत्याचा कोपरा लागून एक रांग विस्कटली. पोर त्याच्यावर भडकली. आता कुठे जास्त, असं भाचीनं विचारलं तर उत्तर आलं, "बराबर तो हैं!"

एका पोरीवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण 1974 मध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी हेच मुद्दाम करून पाहिलं होतं. चार ते सहा वयाची 80 मुलं. मोठ्या माणसानं रांग लांबवली तेव्हा बहुतेक चुकली. खट्याळ टेडीनं ती "चुकून" बिघडवली तेव्हा निम्म्याहून जास्त बरोबर बोलली. मोठ्यानं समोर काहीतरी हलवायचं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, म्हटल्यावर पोराला वाटणारच की उत्तर बदलायला हवं. पियाजेला मी खोटं म्हणत नाही, पेल्यातली डाळ त्याच्याच बाजूनं बोलली. पण प्रश्न कोण विचारतंय आणि कशासाठी, हे या अवस्थांच्या कोष्टकात मावत नाही.

माझं लक्ष एव्हाना मालकांच्या, म्हणजे या पोरांच्या आजोबांच्या, हाताकडे गेलं होतं. अकरा वर्षांचा नातू काट्यावरच्या पिशवीत मूग भरत होता. आजोबांची दोन बोटं फावड्याच्या दांड्यावर, नुसती टेकलेली. आकडा किलोच्या जवळ आला की बोटं किंचित दाबायची आणि धार बारीक व्हायची. शब्द एकही नाही. तिसऱ्या पिशवीला बोटं दांड्यावर नव्हती, वर हवेत होती. चौथ्या वेळी आजोबा चहा पीत होते. मधूनच ते मूठ पुढे करायचे, "लल्ला, कित्ता?" तो अंदाज सांगायचा आणि मग काटा.

रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीचा जन्मही पियाजेसारखाच 1896 चा, पण तो 1934 मध्ये क्षयानं गेला. पोर एकटं काय करतं त्यापेक्षा जाणत्याच्या सोबतीनं काय करू शकतं ते बघा, हे त्याचं म्हणणं. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी 1976 मध्ये या सोबतीला परांचीचं नाव दिलं: भिंत उभी राहीपर्यंत बांधायची, मग सोडवायची. ती सोडवायची नेमकी कधी, हे आजोबांच्या बोटांना माहीत होतं. माझी नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जात राहिली. भाचीनं मात्र वही उघडली होती.

एक गिऱ्हाईक आलं. पावणेदोन किलो मसूर, 92 रुपये किलो. नातू मान वर न करता म्हणाला, "एक सौ इकसठ." कसं? दोन किलोचे 184, त्यातून पावाचे 23 काढले. भाचीनं वहीत 92 गुणिले 1.75 लिहून पुढे केलं. तो पेन्सिल चावत बसला, दशांश चिन्ह दोनदा खोडलं आणि 1610 लिहिलं. पावणेदोन किलो मसुरीला सोळाशे दहा रुपये! तो स्वतःच हसला.

ब्राझीलच्या रेसिफे शहरात नारळ, मका विकणाऱ्या पाच मुलांचं हेच निघालं होतं. अभ्यास 1985 चा. ठेल्यावर शंभरातली 98 उत्तरं बरोबर, आणि तसेच हिशेब नुसते आकडे मांडून कागदावर दिले तर 37. ही 98 मी भाचीला तीनदा ऐकवली. तिनं विचारलं, "गाइडात आहे का?" नव्हती.

बाजारच खरी शाळा, असं म्हणायला जीभ शिवशिवत होती. पण 2025 मध्ये कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवरचा मोठा अभ्यास आला, त्यात दुसरी बाजूही आहे: गल्ल्यावर पटापट हिशेब करणारी मुलं वहीतल्या साध्या गणिताला अडतात, आणि शाळकरी मुलं बाजारातल्या हिशेबाला. एकाचं दुसरीकडे आपोआप जात नाही. शिवाय हा नातू मालकाचा. 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत मात्र चालते. पल्लेदाराच्या मुलाला घरचा धंदा कुठला?

मघाचा पल्लेदार पोत्यावर टेकून हे सगळं बघत होता. त्याचा मुलगा सहावीत. इथे आणता का, मी विचारलं. "ना बहनजी. इथे अंदाज शिकून करणार काय? पोतं तर तेवढंच जड." मग वहीतल्या खोडलेल्या दशांश चिन्हाकडे बोट दाखवून त्यानं भाचीला विचारलं, हे असलं शिकवता येतं का तुम्हाला, तुमच्या त्या 30 मार्कांत?

"ते गणितात येतं," भाची म्हणाली. "त्याचे 30 वेगळे."