आहारातील चोथा आणि शौचाची नियमितता : एक विवेचन

प्रस्तावना :
मराठी माणसाच्या बोलण्यात ‘पोट साफ होणे’ हा आरोग्याचा जवळजवळ पहिला निकष असतो. परिणामी एका दिवसाचा खाडा पडला तरी रेचक चूर्णाकडे हात जातो. वैद्यकशास्त्रानुसार मात्र दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा ही सर्व मर्यादा स्वाभाविक होय. मलाचा कठीणपणा, कुंथावे लागणे आणि पोट पूर्ण मोकळे न झाल्याची जाणीव ही बद्धकोष्ठतेची खरी लक्षणे आहेत. प्रस्तुत लेखात आहारातील तंतुमय घटकांचा, म्हणजेच चोथ्याचा, या क्रियेशी असलेला संबंध स्पष्ट केला आहे.

चोथ्याचे कार्य :
युगांडात शल्यचिकित्सक म्हणून काम केलेल्या डेनिस बर्किट यांनी सहकाऱ्यांसह १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. ग्रामीण आफ्रिकी लोकांच्या मलाचे वजन ब्रिटिशांच्या तुलनेत कित्येक पट अधिक, तर अन्नाचा आतड्यांतील प्रवासकाळ बराच कमी होता. चोथ्याच्या अभावात अनेक रोगांचे मूळ शोधण्याचा त्यांचा प्रयत्न पुढे अंशतःच टिकला. वजनाविषयीचे निरीक्षण मात्र टिकले.

चोथा आतडे झाडून काढतो, ही समजूत अपुरी आहे. गव्हाचा कोंडा बहुतांशी न पचता पाणी धरून ठेवतो. याउलट कोबीसारख्या भाज्यांतील चोथा मोठ्या आतड्यातील जिवाणूंचे खाद्य बनतो व त्यांची संख्या वाढते. मलाच्या कोरड्या वजनाचा सुमारे निम्मा भाग जिवाणूंचाच असतो. कोंड्यातील एक ग्रॅम चोथ्यामुळे मलाचे वजन सुमारे पाच ग्रॅमने वाढते, फळांतील पेक्टिनमुळे जेमतेम एक ग्रॅमने.

आहार व दिनक्रम :
जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दररोज किमान २५ ग्रॅम चोथा सुचविला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. पॉलिश केलेल्या तांदळात व मैद्यात तीन ग्रॅमही नसतो. भाकरी आणि मटकीची उसळ हे जेवण म्हणूनच पुरेसे ठरते. कणीक बारीक चाळणीने चाळण्याची सवय मात्र नेमका उपयुक्त भाग फेकून देते.

न्याहारीनंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. सकाळच्या पहिल्या तासिकेसाठी उपाशीपोटी निघणारा व पुढे वेग दाबून ठेवणारा अध्यापक ही संधी रोज गमावतो.

चोथा एकदम वाढविल्यास पोट फुगते. इसबगोल पुरेशा पाण्याविना घेतल्यास अन्ननलिकेत वा आतड्यात अडथळा निर्माण होऊ शकतो. शौचावाटे रक्त जाणे, अकारण वजन घटणे किंवा पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक बदल होणे, अशा वेळी आहाराचे प्रयोग थांबवून प्रथम वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक असते.