चिनी महाल: नावाने महाल, कामाने तुरुंग

कंधार, औसा, उदगीर इथे गेलं की आपण तटबंदी, खंदक आणि तोफा पाहून परततो. पण किल्ला शत्रूला बाहेर थोपवतो, तसाच माणसाला आत कोंडूनही ठेवतो. मराठवाड्यात याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे देवगिरीवरचा चिनी महाल. निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरश्यांवरून त्याला हे नाव पडलं. त्यांचे थोडे तुकडे अजून भिंतीला धरून आहेत. 1687 साली गोवळकोंडा पडला आणि औरंगजेबाने तिथल्या शेवटच्या सुलतानाला, अबुल हसन कुतुबशहाला, पुढे याच किल्ल्यावर बंदिवासात ठेवलं. तो पुन्हा सुटला नाही.

कोणी म्हणेल, राजकैदीच तो. राहायला महाल मिळाला, मग याला तुरुंग कसा म्हणायचा? पण तुरुंग ठरतो तो दरवाजा कोणाच्या हुकमाने उघडतो यावर, भिंतीवरच्या नक्षीवर नव्हे. कुतुबशहासाठी तो मरेपर्यंत उघडला नाही. शेवटी त्याला जवळच्या खुलताबादेत दफन केलं.

नांदेड-लातूरहून शाळेच्या सहली देवगिरीला नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना मेंढा तोफेइतकाच वेळ या भिंतीसमोरही थांबवावं आणि इथल्या कैद्याचं नाव सांगावं.