पंपिंग ब्रा निवडताना साइजच्या आधी काय बघायचं?

ब्रेस्ट पंपच्या जाहिरातीतली आई नेहमी हसत हसत लॅपटॉपवर काम करत असते. प्रत्यक्षात पंप घरी आला, की पहिल्याच दिवशी कळतं की छातीला लावलेले दोन फनेल धरायला दोन्ही हात लागतात आणि वाजणारा फोन उचलायलाही हात उरत नाही. एका वेळचं दूध काढायला साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. ऑफिसला जाणाऱ्या आईने दर तीन तासांनी दूध काढायचं म्हटलं, तर घरातून निघून परत येईपर्यंत तीनदा पंप लावावा लागतो. म्हणजे रोजचा जवळपास एक तास दोन बाटल्या धरून बसण्यात जातो.

यावरचा उपाय म्हणजे हँड्स-फ्री पंपिंग ब्रा. वस्तू तशी साधी आहे. ब्राच्या समोर दोन भोकं किंवा चिरा असतात, त्यातून फनेलची नळी बाहेर येते, फनेलची वाटी आत राहते आणि ताणलेलं कापड ती वाटी छातीला टेकवून धरतं. पण ही ब्रा चुकीची निघाली, तर दूध सांडतं, कमी निघतं, कधी छातीत गाठीही होतात. आणि अशा वेळी घरात एकच निदान होतं, ‘हिला दूधच कमी येतंय.’ दोष अनेकदा दुधात नसतो, फनेल नीट बसलेला नसतो.

पंप लावायची वेळ का येते?

बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, कागदावर हिशोब बरोबर जुळतो. पण यातली जास्तीत जास्त आठ आठवड्यांची रजा बाळंतपणाच्या आधी घेता येते. ज्या आईने ती पूर्ण घेतली, तिच्याकडे बाळ जन्मल्यावर १८ आठवडे उरतात. म्हणजे ती कामावर परतते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. छोट्या दुकानात, घरकामात किंवा रोजंदारीवर असणाऱ्या बायकांना तर ही रजाही सहसा मिळत नाही.

५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं, असंही ही दुरुस्ती सांगते. दूध काढण्यासाठी वेगळी खोली हवी का, याबद्दल मात्र ती गप्प आहे. महाराष्ट्रात एसटी स्टँडवर आणि अनेक सरकारी कार्यालयांत ‘हिरकणी कक्ष’ अशी पाटी दिसते. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे धावलेल्या हिरकणीचं हे नाव. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनातल्या अशा कक्षाची राज्यभर चर्चा झाली. पुढच्याच अधिवेशनात मुंबईतल्या कक्षाच्या अवस्थेवर त्यांनी नाराजीही बोलून दाखवली. बहुतेक नोकरदार आयांना बाळ सोबत नेता येत नाही. त्यांच्या वाट्याला येते ती मीटिंग रूम, स्टोअर रूम, नाहीतर सरळ बाथरूम. अशा जागी १५ मिनिटांत काम उरकायचं असेल, तर ब्रा कशी आहे याने खरोखर फरक पडतो.

ब्राचं नेमकं काम काय?

पंप हवा ओढतो आणि सोडतो. त्या ओढीने स्तनाग्र फनेलच्या नळीत पुढे-मागे होतं आणि दूध येतं. हे घडायला फनेलची कड सगळीकडून त्वचेला टेकलेली हवी. कुठे जरा फट राहिली तर तिथून हवा शिरते, ‘फुस्स’ असा आवाज येतो, ओढ कमी होते आणि दूध कडेने ओघळतं. उलट, ब्राने फनेल फार आवळून धरला तर त्याची कड मऊ भागात रुतते. त्वचेखाली दूध वाहून आणणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या दाबल्या गेल्या तर पान्हा फुटूनही दूध पुढे सरकत नाही.

त्यात वजन वाढत जातं. सुरुवातीला बाटली रिकामी असते, शेवटी तिच्यात शे-दीडशे मिलि दूध असतं. कापड सैल असेल तर पहिली पाच मिनिटं सगळं छान चालतं आणि मग बाटली खाली खेचू लागते. पंप ‘मध्येच बंद पडतो’ ही तक्रार बऱ्याचदा इथून सुरू होते.

आधी फनेल, मग ब्रा

हा क्रम उलटा झाला की पैसे वाया जातात. बऱ्याच पंपांसोबत २४ मि.मी.चा फनेल येतो, पण तो सगळ्यांना बसतोच असं नाही. अनेकींना त्याहून लहान लागतो, काहींना मोठा. स्तनाग्राची बुडाशी असलेली रुंदी शाळेतल्या साध्या पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजता येते. पंप सुरू असताना स्तनाग्र नळीच्या मधोमध, भिंतींना न घासता हललं पाहिजे. दुखत असेल, नंतर ते पांढरं पडत असेल किंवा आजूबाजूचा काळा भागही बराच आत ओढला जात असेल, तर आधी फनेलचा साइज बदलून बघावा. चुकीचा फनेल महागड्या ब्रामध्ये घातला तरी तो चुकीचाच राहतो.

कुठला प्रकार घ्यायचा?

बाजारात मुख्यतः तीन तऱ्हा दिसतात.

पहिली म्हणजे खांद्यावर पट्टे नसलेला, समोर चेन असलेला रुंद पट्टा. फनेल अगदी पक्के धरण्यात याचा हात कोणी धरत नाही. पण तो घालायचा तर वरचे कपडे जवळपास काढावेच लागतात. घरी, रात्री किंवा दवाखान्यात हे चालतं. ऑफिसच्या स्टोअर रूममध्ये, बाहेर कोणीतरी दार ठोठावत असताना, कुर्ता काढून चेन लावत बसणं अवघड आहे.

दुसरी म्हणजे पाजण्याची आणि पंपिंगची ब्रा एकातच. वरचा कप क्लिप उघडून खाली येतो, आत चिर असलेला दुसरा थर असतो. ऑफिससाठी हीच सोयीची, कारण सकाळी घातली की दिवसभर बदलावी लागत नाही. चेनवाल्या फीडिंग कुर्तीखाली किंवा पुढे बटणं असलेल्या शर्टाखाली ती सहज वापरता येते, वरून ओढणी घेतली की झालं. साडी नेसणाऱ्यांना तर पदर आहेच, फक्त ब्लाऊज पुढून उघडणारा हवा. मात्र हिच्यातला आतला थर पातळ असेल तर भरलेली बाटली तोलत नाही. दुकानात बघताना सगळ्यात आधी तो थर ताणून बघावा.

तिसरी तऱ्हा म्हणजे नेहमीच्या फीडिंग ब्राला क्लिपने अडकवायची वेगळी पट्टी. कमी कपड्यात काम होतं, पैसे वाचतात. दिवसातून एखाद्याच वेळी पंप लावणाऱ्या आईला एवढी पुरते. पण क्लिपचे साइज प्रत्येक ब्रँडचे वेगळे असतात, त्यामुळे ती आपल्या ब्राला बसते का हे बघूनच घ्यावी.

आता ब्राच्या आतच बसणारे, वायर नसलेले वाटीसारखे पंपही मिळतात. त्यांना भोकाची ब्रा लागतच नाही. त्यांना हवी थोडी ताणणारी, कपमध्ये जागा असलेली साधी फीडिंग ब्रा. असा पंप असताना दुकानदार पंपिंग ब्रा गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणावं. तसंच जी आई दिवसभर बाळाजवळ असते आणि अंगावरच पाजते, तिला यातलं काहीच घेण्याची गरज नसते.

बंद कसला आहे, हेही महत्त्वाचं. चेन पटकन लागते, पण मापात कमी-जास्त करता येत नाही. हुकच्या दोन-तीन ओळी असतील तर छाती भरलेली असताना सैल आणि रिकामी झाल्यावर घट्ट करता येते. वेल्क्रोनेही हे जमतं, फक्त तो उघडताना होणारा ‘खर्रर्र’ आवाज शेजारच्या केबिनपर्यंत पोचतो!

घट्ट की सैल? आरशासमोर बघा

पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत, हा ढोबळ नियम. खरी परीक्षा पंप लावूनच होते. ब्रा घालून, फनेल बसवून पंप सुरू करावा आणि हात सोडून द्यावेत. ताठ बसल्यावर, थोडं पुढे वाकल्यावर आणि टेबलावरची बाटली उचलल्यावर फनेल जागचा हलतो का, आवाज येतो का, हे बघावं. नंतर आरशासमोर उभं राहावं. फनेलची हलकी खूण दिसली तर ठीक. पण खोल, लाल गोल वळ बराच वेळ जात नसेल, तर ब्रा घट्ट आहे.

‘दिवसभर घाला’ असं पाकिटावर लिहिलेलं असलं, तरी पंपिंगचा घट्ट पट्टा दिवसभर किंवा झोपताना घालू नये. तार असलेली ब्राही या काळात टाळलेली बरी, कारण ती एकाच जागी रुतते. छातीचा एखादा भाग लाल, गरम, दुखरा झाला आणि सोबत ताप, थंडी वाजणं असेल, तर ब्रा बदलून वाट बघत न बसता डॉक्टरांकडे जावं.

मोकळ्या हातांचं काय करायचं?

जाहिरातींचं उत्तर असतं, ईमेलला उत्तरं द्या. पण मोकळ्या हाताचा याहून चांगला उपयोग आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या बालरोगतज्ज्ञ जेन मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या ६७ आयांचा अभ्यास केला होता. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पंप सुरू असताना हाताने छाती हलकेच दाबायला, चोळायला शिकवलेल्या आयांचं रोजचं दूध ४८ टक्क्यांनी वाढलं, तेही आधीपेक्षा कमी वेळा पंप लावून.

बाळ काचेच्या पेटीत असलेल्या आईसाठी हे फार मोलाचं आहे. बाळ अंगावर पिऊ शकत नाही, त्यामुळे तिला रात्र धरून दिवसातून आठ-आठ वेळा दूध काढावं लागतं. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली, ती अशाच अशक्त, वेळेआधी आलेल्या बाळांसाठी. अशा बाळांच्या बाबतीत काही मिलि जास्त दूध ही मोठी गोष्ट असते.

म्हणून ब्रा निवडताना आणखी एक गोष्ट बघावी. फनेल बसवल्यावर छातीच्या बाजूने आणि वरून हात ठेवायला जागा राहते का? जाड पॅड असलेल्या ब्रामध्ये ती राहत नाही. आणि हात हलकाच हवा. कणीक मळतात तसा जोर लावला तर आत सूज येते आणि दुखणं वाढतं.

कधी आणि किती घ्यायच्या?

डोहाळजेवणाच्या भेटींच्या यादीत ही ब्रा आता दिसू लागली आहे, पण एवढ्या लवकर घेतलेलं माप सहसा चुकतं. बाळंतपणानंतर साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती भरून येते आणि माप एकदम वाढतं. पुढच्या काही आठवड्यांत ते पुन्हा खाली येऊन स्थिरावतं. आधी घ्यायचीच असेल तर हुकच्या जास्त ओळी असलेली एकच घ्यावी. बाकीच्या कामावर परतायच्या दोन-तीन आठवडे आधी घ्याव्यात, म्हणजे घरी सरावही होतो.

रोज पंप लावणाऱ्या आईला दोन-तीन लागतात, कारण दूध सांडतं आणि ओलं कापड तसंच अंगावर राहिलं तर खाज, बुरशी होते. कापड सुती, थोडं ताणणारं असावं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात जाड पॅडची ब्रा दोन दिवस वाळत नाही, हे तिथल्या कोणाला सांगायला नको.

पैसे न घालवता जमतं का?

जमतं. जुनी, पण ताण न गेलेली स्पोर्ट्स ब्रा घ्यावी. ती घालून स्तनाग्राच्या जागी पेनाने खूण करावी, काढून तिथे छोटीशी चीर द्यावी. रुपयाच्या नाण्याहून मोठं भोक पहिल्या फटक्यात कापू नये, कारण होजियरीचं कापड ताणलं जातं आणि भोक आपोआप वाढतं. नळी घट्ट सरकली पाहिजे. कड उसवत असेल तर टाके घालून घ्यावेत. ऑफिसच्या कपड्यांखाली ही फारशी सोयीची नाही, पण घरी चांगली चालते. शिवाय हँड्स-फ्री पंपिंग आपल्याला मानवतं का, हे शंभर-दोनशे रुपयेही न घालवता कळतं.

ऑनलाइन मागवताना मात्र परतीचा नियम आधी वाचावा. आतले कपडे परत न घेणारे बरेच विक्रेते आहेत, काही जण फक्त साइज बदलून देतात. पार्सल आल्यावर लेबल न काढता, धुण्याआधी, पातळ बनियनवर ब्रा घालून बघावी आणि आपल्याच पंपाचे फनेल त्या भोकांतून जातात का, तेही तेव्हाच तपासावं.