गडग्यावरची मखमल

मे महिन्यात कोकणातल्या एखाद्या जुन्या जांभ्याच्या गडग्यावरून हात फिरवा. काहीतरी तपकिरी, कुरकुरीत बोटांना लागतं आणि चुरा होऊन खाली पडतं. त्यातलं चिमूटभर बशीत घ्या, वर चमचाभर पाणी घाला. बघता बघता आक्रसलेली पानं उलगडतात आणि हिरवी दिसू लागतात.

आधी नावाचा घोळ. अंगणात पाय घसरवणारं ते शेवाळ आणि गडग्यावरची मखमल तीही शेवाळच, असा आपला हिशेब. घसरवणारा बुळबुळीत थर बहुधा शैवालाचा किंवा त्याच्यासारख्या सूक्ष्मजीवांचा असतो; त्याला खोड नाही, पान नाही. मखमल म्हणजे मॉस. भिंगातून पाहिलं तर इवल्या इवल्या खोडांवर पानं लागलेली दिसतात.

खरी मुळं मात्र नाहीत. तळाशी केसासारखे मूलाभ असतात, ते मुख्यतः दगड धरून ठेवण्यापुरते. पाणी शिरतं पानांतूनच. मधली शीर सोडली तर बहुतेक जातींचं पान एका पेशीइतकंच जाड, आणि आंब्याच्या पानावर असतो तसा मेणाचा लेप जवळजवळ नाहीच. त्यामुळे पाणी जसं झटकन आत येतं तसंच झटकन उडूनही जातं. म्हणून ही रोपं दाटीनं राहतात. वातीत तेल चढावं तसं त्यांच्या मधल्या फटींतून पाणी चढतं आणि रेंगाळतं. जांभ्याची भोकं पाणी धरतात हीही सोय. ऊन तापलं की रोप वाळतं, अन्न बनवणं थांबवतं आणि पावसाची वाट पाहतं. सगळ्याच जातींना हे सारखं जमत नाही, पण उघड्या दगडावर राहणाऱ्यांना जमावंच लागतं.

पुनरुत्पादनालाही पाणी हवं. नरपेशीला दोन शेपट्या असतात. पाण्याच्या पातळ थरातून पोहत ती अंडपेशीपर्यंत जाते. पागोळीचा एखादा थेंब आपटून उडाला तर तिचा प्रवास सोपा होतो. शाळेच्या पुस्तकात या वनस्पतींना ‘उभयचर’ म्हणतात ते याचमुळे.

पुढे मखमलीतून दोऱ्याएवढे देठ वर येतात, टोकाला बोंड घेऊन. हे फूल नव्हे. ही पुढची पिढी, आईच्याच अंगावर उभी असलेली. बोंडावरची टोपीसुद्धा आईच्या पेशींची. टोपी गळते, मग झाकण उडतं. ‘फ्युनारिया’ या सर्वत्र आढळणाऱ्या मॉसमध्ये झाकणाखाली दातांच्या दोन रांगा असतात, प्रत्येकीत 16. हवा दमट असली की दात मिटतात, कोरडी झाली की उघडतात आणि धुळीसारखे बीजाणू वाऱ्यावर थोडे थोडे सोडतात. एवढीशी वस्तू, पण माझ्या मते भिंग विकत घ्यायला हे एक कारण पुरेसं आहे.

ओल्या दगडावर पडलेला बीजाणू रुजतो तेव्हा त्यातून रोप येत नाही. आधी हिरवे धागे पसरतात, अगदी शैवालासारखे. इथे जाणकारही फसतात. त्या धाग्यांवर जागोजागी कळ्या धरतात आणि प्रत्येक कळीचं एक रोप होतं. म्हणून पहिल्या पावसानंतर गडग्यावर मॉस सुटं सुटं न उगवता ठिपक्याठिपक्यांनी दिसू लागतं.