चिन्हांच्या जागी चौकोन का दिसतात?

लाभार्थ्यांच्या यादीत मंजूर अर्जांपुढे बरोबरची हिरवी खूण आणि नामंजूर अर्जांपुढे तांबडी फुली, ही रचना भ्रमणध्वनीवर सुबक दिसते. तीच यादी जुन्या संगणकावर उघडली असता दोन्ही खुणांच्या जागी सारखेच रिकामे चौकोन दिसू शकतात. मग मंजूर कोण आणि नामंजूर कोण, हे कळण्यास मार्ग उरत नाही.

याचे कारण संगणकाच्या लेखनपद्धतीत आहे. संगणक अक्षराचे चित्र साठवीत नाही. तो अक्षराचा क्रमांक साठवितो. हे क्रमांक युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीने निश्चित केले आहेत. देवनागरीचा तीत १९९१ पासून समावेश आहे. इमोजी म्हणजेच चित्रचिन्हे मोठ्या संख्येने तीत आली ती ऑक्टोबर २०१० च्या आवृत्तीत. आपल्या रुपयाच्या नव्या चिन्हासही त्याच आवृत्तीत क्रमांक लाभला.

क्रमांकाला आकृती देण्याचे काम फाँट करतो. फाँटमध्ये त्या क्रमांकाची आकृती नसेल, तर तेथे चौकोन उमटतो. अद्ययावत न केलेल्या जुन्या फाँटमध्ये रुपयाचे चिन्ह दिसत नाही, ते याचमुळे. रंगीत चित्रचिन्हांची अडचण आणखी निराळी आहे. अ‍ॅपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट यांनी रंगीत आकृत्या साठविण्याच्या भिन्न पद्धती स्वीकारल्या. दस्तऐवज दाखविणाऱ्या प्रत्येक प्रणालीस त्या सर्व उमगतातच असे नाही. काही प्रणाली चिन्ह काळेपांढरे दाखवितात, तर काही ते गाळतात. कुटुंबाचे चित्र तर अनेक व्यक्तिचिन्हे एका अदृश्य जोडचिन्हाने सांधून तयार होते. ते जोडचिन्ह न जाणणाऱ्या प्रणालीत कुटुंबातील माणसे सुटी सुटी दिसतात.

यावर उपाय आहेत. पीडीएफ तयार करताना फाँट दस्तऐवजातच अंतर्भूत करता येतो. अभिलेख दीर्घकाळ जपण्यासाठी २००५ मध्ये ठरलेल्या पीडीएफ-ए या मानकात तर ते बंधनकारक आहे. मूळ मजकुरात चौकोन दिसला तरी तो घाईने खोडू नये. त्यामागील क्रमांक बहुधा शाबूत असतो आणि अद्ययावत संगणकावर चिन्ह पुन्हा प्रकट होते. पीडीएफमध्येच चौकोन उमटला असेल, तर मूळ मजकुरावरून ती नव्याने तयार करावी व पाठविण्यापूर्वी दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.

ठराव, यादी वा प्रमाणपत्र यांत निर्णय मात्र शब्दांतच लिहावा. चिन्ह सोबतीला असण्यास हरकत नाही. पण ‘मंजूर’ हा शब्द लिहिलेला असेल, तर चिन्ह नाहीसे झाले तरी लाभार्थ्याचा हक्क कागदावर कायम राहतो.